तुटलेल्या दोराचं गाऱ्हाणं

देवाने माझं मागणं ऐकलं नाही, हे त्याचे उपकार. त्या वर्षी मात्र माझा देवावरचा विश्वासच उडाला होता. विहिरीतला गाळ काढायला आमचे मालक दोर धरून उतरले, दोर मध्येच तुटला आणि ते खडकावर पडले. दिवस मावळायच्या आत ते गेले आणि माझं कुंकू पुसलं. निजामाच्या पोलिसांचे अमीन आले, पंचनामा करून गेले. दोष कुणाचा, ते त्यांनी लिहिलं नाही. ते काम मी केलं. माझी जीभ आधीच तिखट. दोर वळणाऱ्या धोंडीबाने पीळ कच्चा दिला, असं मी चावडीसमोर ओरडून सांगितलं. गावाने त्याचे दोर घेणं सोडलं आणि तो बायकोला घेऊन केजला निघून गेला. तरी माझी आग शांत होईना.

कार्तिकात तुटक्या दोराचा हातभर तुकडा पदरात बांधून मी कपिलधारच्या देवाला गेले. धोंडीबाचे हात झडोत, एवढंच मागायचं होतं. सांगताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

तिथल्या धबधब्याखालच्या ओढ्यात एक म्हातारी भिजवलेली अंबाडी सोलून वाख, म्हणजे दोराचे तंतू, धूत होती. तिच्या हातातली लड पुरुषभर लांब, पांढरी, कुठे गाठ नाही. आमच्या शेतात असा वाख कधी निघालाच नव्हता. मी तिच्याशेजारी बसले, रडले, आमच्याच अंबाडीच्या दोराचा तो तुकडा दाखवला. तिने तो उकलून एकेक तार नखाने चाचपली.

“पीळ पक्का हाय, माय. वाखच कच्चा हाय. शेंडे खुडत हुतीस का?”

“भाजीला खुडायचे,” मी म्हणाले. मालकांना अंबाडीची भाजी फार आवडायची.

“खुडलं की फांद्या फुटत्यात. जितं फांदी, तितं वाख तुटतो. दोराची अंबाडी येगळी पेरावी, दाट पेरावी, फुलावर आली की कापावी. बी धरेस्तोवर ठिवू न्हाई.”

आमच्या गावात भाजी, बी आणि दोर, सगळं एकाच अंबाडीतून काढत. ते शेंडे मी माझ्या हातांनी खुडले होते. देवापुढे उभी राहिले, पण मागणं तोंडातून निघेना. परत ओढ्यावर आले तर म्हातारी नव्हती. ती कोण, कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं.

तिथून मी केज गाठलं. धोंडीबा बाजारात हमाली करत होता. मी सगळं सांगितलं तसं त्याने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं.

“आक्का, मी रोज मनातल्या मनात त्यो दोर पुन्यांदा वळतो. पीळ कुटं चुकला, गावत न्हाई.”

भरल्या बाजारात आम्ही दोघंही रडलो.

चावडीसमोर मी माझा दोष कबूल केला आणि धोंडीबाला परत आणलं. पुढच्या पावसाळ्यात म्हातारीने सांगितलं तशी अंबाडी पेरली; हळूहळू गावही पेरू लागलं. आता केजचे, दिंद्रुडचे लोक आमच्या गावचा दोर मागून घेतात. कोरडवाहू घरांना त्याचा लई आधार झाला.

मालक मात्र परत आले नाहीत. हे शहाणपण वर्षभर आधी का दिलं नाहीस, असं मी देवाला अजून विचारते. पण माझ्या तोंडून त्या दिवशी त्याने तो शाप निघू दिला नाही, एवढं आठवतं, आणि भांडता भांडताच माझे हात जोडले जातात.