लाल बटण

दापोडीत मी कामगार संघटनेची पत्रकं टाइप करून घ्यायचो त्या दुकानात कॉम्प्युटरवर एक बाई बसायच्या. काम करताना त्यांना गाणी लागायची, पण त्यासाठी त्या माउसला हात लावत नसत. कीबोर्डशेजारी त्यांनी स्वतः बनवलेला स्टीलचा छोटा डबा होता, वायरनं कॉम्प्युटरला जोडलेला. त्यावर आवाजाची खुंटी, पुढच्या गाण्याचं हिरवं बटण आणि गाणं थांबवायचं लाल बटण. ते मात्र लिंबाएवढं, कारखान्यातल्या मशीनवर असतं तसलं.

त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळीच उरली होती. बाकीची बोटं चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनखाली गेली होती.

एकदा दुकानाचे मालक म्हणाले, "ताई, तो डबा काढा बरं. गिऱ्हाईक आधी डबा बघतं, मग तुमचा हात, आणि चौकशा करत बसतं."

"करू द्या की."

"अहो, पण गाणं थांबवायला एवढं बटण?"

बाईंनी त्यावर मूठ ठेवली. गाणं अर्ध्या ओळीत थांबलं.

"त्या मशीनचं लाल बटण बंद होतं. दुरुस्त करा म्हणून मी रोज सांगायचे. साहेब म्हणायचे, प्रॉडक्शन पडंल. हे बटण मी बसवलंय, हे दाबलं की थांबतंय. डबा काढायचा असंल तर मला बी काढा."

मालक गल्ल्याकडे वळले. मग म्हणाले, "लावा गाणं."

तेव्हापासून माझ्या कुठल्याच पत्रकात तुटलेल्या बोटांना मी 'अपघात' म्हटलेलं नाही.