कमळाबाईची टोपली

"झाकलं ना? आता आपलं काम सरलं." एटापल्लीकडच्या त्या गावात कमळाबाईचं हे बोलणं सगळ्यांना पाठ होतं. भाताच्या हंडीवर झाकण ठेवताना ती हेच म्हणे, आणि नवऱ्याच्या कबरीवर शेवटची माती ओढतानाही हेच म्हणाली होती.

त्या पावसाळ्यात नाल्याच्या पुराने तिची रोवणीची रोपं नेली. घरात टोपलीभर बियाणं तेवढं उरलं. अशा वेळी तिकडे धान भिजवतात, मोहाच्या पानांत दाबून ठेवतात, वर तणसाचा पेंढा नि दगड. आतल्या उबेनं मोड आले की चिखलात फेकतात. मध्येच टोपली उघडायची नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक.

प्रफुलही धानाच्याच घरातला. गावातल्या कौलारू चर्चात रविवारची प्रार्थना तो चालवी. त्या रविवारी भद्रावतीहून पाहुणे यायचे होते आणि बायबलातला दाखला ठरला होता बीजाचा: माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. पाहुण्यांपुढे नुसतं बोलणं प्रफुलला कोरडं वाटलं. त्यानं कमळाबाईची टोपली मागितली. आज नको, उद्या न्या, ती म्हणाली. देवाच्या कामाला हवी, तो म्हणाला. मग तिनं स्वतः डोक्यावरून आणून दिली.

बी टाकून माणूस झोपतो, इथवर आल्यावर प्रफुलनं दगड उचलला, तणस नि पानं बाजूला केली. गरम, आंबूस वाफ निघाली. धानाला पांढरी टोकं नुकती फुटत होती. त्यानं ओंजळी भरून पाहुण्यांकडे दिल्या, पाहुण्यांनी मागच्या लोकांकडे दिल्या. बोटाबोटांतून धान फिरलं. भिंतीपाशी बसलेल्या कमळाबाईनं पदर दातांत धरला. तिच्याकडे नजर गेली आणि प्रफुलला आई आठवली. अशाच टोपलीवरून तिनं त्याच्या हातावर फटका मारला होता. पाठ तिथंच सोडून त्यानं गाणं सुरू करायला सांगितलं.

नंतर ती चटईवरचं धान वेचत होती. तोही उकिडवा बसला. मोड त्याच्या चिमटीत तुटून येत होते. माझ्या घरचं बियाणं देतो, तो म्हणाला.

"ते भिजन कधी, रुजन कधी? चिखलाले मागून आणलेले मंगरूचे बैल उद्याच परत जातेत, भाऊ."

होतं तेच तिनं फेकलं. तिच्या शेताची बांधी ठिगळाठिगळानं उगवली. चर्चची वाट तिच्या बांधावरून होती. प्रफुल नाल्याकडून जाऊ लागला. कुणी त्याला बोल लावला नाही. फक्त चहाच्या टपरीवर नानाजी म्हणाला, "भाऊ, माह्या घरी हंडी झाकून आहे. उघडून पाहता का?" सगळे हसले. प्रफुलही हसला, आणि चहा अर्धा टाकून उठला.

कापणीच्या सणाला ज्यानं त्यानं पहिल्या पेंढ्या चर्चात आणल्या. कमळाबाईची पेंढी मुठीएवढी. तिनं ती टोपलीतून काढून त्याच्या हातात दिली.

"त्या दिवशीचा पाठ अर्धाच राह्यला. आज पुरा करा."

तो वाचू लागला. कसं ते त्याला कळत नाही, इथं त्यानं वाचणं थांबवलं. सगळ्यांपुढे तो म्हणाला, "बाई, मले ठाऊक होतं. तरी उघडली."

"मले बी ठाऊक होतं," ती खाली पाहत म्हणाली. "तरी आणली. पाहुण्यांपुढं माही टोपली, म्हणून फुगली होती मी."

मग ती रिकामी टोपली काखेत मारून निघाली. आपल्या विरळ बांधीच्या कडेनं गेली, तिकडे मान न वळवता. प्रफुल दारात उभा राहून पाहत राहिला. पेंढी अजून त्याच्या हातातच होती.