आखूड केलेला दांडा

माझ्या पत्नीला गाडी चालवणे जमत नाही, ही गोष्ट आमच्या अमरावतीच्या घरात आणि तिच्या अकोल्याच्या माहेरी तीन वर्षे सिद्ध मानली जात होती. ती सिद्ध करणारा पुरावा मी तयार केला होता, आणि तो खोटा आहे हे त्या दोन्ही घरांत मला एकट्याला ठाऊक होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. खोट्या निष्कर्षाचे मला निदान व्यावसायिक कारणासाठी तरी वाईट वाटायला हवे होते.

ती सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली आणि माझ्यापेक्षा चांगली शिकली. वर्षभर ती दर दुसऱ्या शनिवारी एकटी बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला जाई. तिथे शहराच्या कडेला तिच्या वडिलांचा फुलांचा मळा आहे. गाडी दारात शिरली की मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेजाऱ्यांना हाक मारून सांगत, "पाहा, पोरगी आली माही, गाडी घेऊन. संगं कोणी नाही." जावई म्हणून मी त्या घरात कितीदा तरी गेलो आहे, माझ्यासाठी शेजाऱ्यांना कोणी बोलावले नाही.

पन्नाशीनंतर माणसाला काय हवेसे वाटेल याचा नेम नसतो. मला शॉर्ट शिफ्टर हवासा वाटला. गिअरचा मूळ दांडा काढून त्या जागी हा आखूड दांडा बसवतात. त्याचा टेकू वर सरकलेला असतो, त्यामुळे एका गिअरमधून दुसऱ्यात जायला हाताला वीतभर जावे लागत असेल तर चार बोटांत काम होते. अंतर वाचले की जोर वाढतो, हा तरफेचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरीही मी मोबाइलवर अशा दांड्यांचे खट्-खट् आवाज ऐकत बसे. पार्सल मी घरी न मागवता महाविद्यालयाच्या पत्त्यावर मागवले, यावरून माझा हेतू मला तेव्हाही कळला असावा.

बडनेरा रोडवरच्या मिस्त्रीने वस्तू उलटसुलट करून पाहिली. "सर, कायले पाहिजे हे तुमाले? रेस लावून राहिले का कोनासंगं?"

मी म्हणालो, "नाही. सहज."

आमच्या गाडीत रिव्हर्स पहिल्या गिअरच्या डाव्या बाजूला आहे. चुकून पडू नये म्हणून मुठीखाली एक कडी असते. ती बोटांनी वर ओढल्याशिवाय दांडा तिकडे जात नाही. काम संपल्यावर मिस्त्री म्हणाला, "कडीची तार याले पुरत नाही, सर. काढून टाकली. पयला टाकतानी डावीकडं जास्त गेले तं सीधा रिव्हर्स पडन. घरी दुसरं कोणी चालवत असन तं सांगून ठेवजा."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितले नाही. तिने कारण विचारले असते, आणि माझ्याजवळ कारण नव्हते. जुनी मूठ आणि जुने चामडी आवरण मी मिस्त्रीकडून परत बसवून घेतले. आठ दिवसांनी दसरा होता. अकोल्याला जाताना रस्त्यावर गर्दी असेल असे सांगून गाडी मी चालवायला घेतली. मूर्तिजापूरजवळ तिने माझ्या हाताकडे पाहिले.

"दांडा खाली बसल्यासारखा दिसते."

"गाडी जुनी झाली की बसतो," मी म्हणालो. तिने मान हलवली. मी शिकवतो त्या विषयात तिने माझ्यावर कधी शंका घेतलेली नाही.

दसऱ्याला मळ्यात गाड्यांची पूजा असते. गाडीच्या मागे विक्रीसाठी झेंडूचे क्रेट रचलेले होते आणि त्यांच्या आडोशाला मामाजी पोत्यावर बसून हार ओवत होते. गाडीवर स्वस्तिक काढून झाले, नारळ फुटला, पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवली. लिंबे चिरडत गाडी पुढे न्यायची असते. मी किल्ली घेऊन निघालो तर मामाजी ओरडले, "तुमी नका, जवाईबापू. लिंबू माही पोरगी दाबन."

ती नवे लुगडे सावरत बसली. मी दोन पावलांवर होतो. "जरा उजवीकडेच ठेव" एवढे तीन शब्द बोलायला पुरेसा वेळ होता. मी तो मोजला आहे. तिने दांडा सवयीप्रमाणे डावीकडे टेकवून पुढे लोटला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली. क्रेट कोसळले, आणि झेंडूच्या ढिगाखालून मामाजींचा एक हात तेवढा वर आला.

त्यांचे कोपर खरचटले, याहून जास्त काही झाले नाही. ते बाहेर येताच म्हणाले, "फुलंच तं होते, माय. गोटे नव्हते." मग सगळ्यांना हसायची परवानगी मिळाली. माझा मेहुणा म्हणाला, "ताई, लिंबू समोर हायेत वं! मांगं बाबा हायेत!"

ती हसली नाही. वडिलांचे कोपर तिने पदराने पुसले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुमीच चालवा. माह्या हातचं नाही हे." मी बसलो, पहिला गिअर बरोबर टाकला, लिंबे चिरडली. मेहुणा म्हणाला, "भाऊजीचा हात लय साफ हाये." मी त्याला थांबवले नाही.

त्यानंतर ती बसने अकोल्याला जाऊ लागली. दर दुसरा शनिवार कधी महिन्यावर गेला, कधी दोनवर. मी मूळ दांडा परत बसवू शकलो असतो; पण काढला तर का काढला हे सांगावे लागले असते, म्हणून आखूड दांडाच वापरत राहिलो. तिसऱ्या गिअरला तो माशी अडकल्यासारखा गुणगुणतो. थंडीत सकाळी दुसरा गिअर पडायला विनंती करावी लागते. माझे डावे कोपर दुखू लागले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "डावखुरे आहात का?"

"नाही."

"मग या हाताने काय करता?"

"गाडी चालवतो."

"ती तर सगळेच चालवतात," ते म्हणाले आणि मलम लिहून दिले.

या वर्षी मेहुण्याच्या मुलीने ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातले. मळ्यात सगळे चहा घेत असताना तिने आत्याला विचारले, "आत्या, क्लचचं कसं असते वं?"

माझी पत्नी शांतपणे म्हणाली, "नको शिकू, बेटा. आपल्या घरच्या पोरीयचा हात मांगंच जाते. मी तं बाबाले मारून टाकलं असतं." त्यात गंमत नव्हती, तिला ते खरे वाटत होते. मुलीने मोबाइल काढला, पैसे परत मिळतात का विचारते म्हणाली. शेजाऱ्यांना हाका मारणारे मामाजी कपात पाहत राहिले.

मी उभा राहिलो. मला उभे राहून बोलायची सवय आहे. "तरफेमध्ये," मी म्हणालो, "टेकूचे स्थान बदलले असता—"

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "चहा तं घ्या आंधी. क्लास मंग घेजा."

मी पुन्हा सुरुवात केली. मामाजींकडे पाहून सुरू केले, पण ते त्यांना सांगायचे नव्हते, म्हणून तिच्याकडे वळलो. माझा आवाज मुळातच लहान आहे. त्या दिवशी तो विहिरीवरच्या मजुरांपर्यंत गेला असे मला नंतर कळले.

"चूक तुझ्या हाताची नव्हती. त्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी गाडीचा दांडा बदलला होता आणि रिव्हर्सची कडी काढली होती. तुला सांगितले नाही. तू किल्ली दिलीस तेव्हा मला सगळे माहीत होते आणि मी ती घेतली. तीन वर्षे घेऊन बसलो. तुझा हात चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला. माझे चुकले. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."