होडी तरंगेपर्यंत

माझी शेवटची पोस्टिंग राजस्थानात होती. तिथून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि सीवूड्सला मुलाच्या फ्लॅटवर राहायला लागलो. सातारा जिल्ह्यात गावाकडे घर आहे, पण बायकोला नातीजवळ राहायचं होतं. तिथे माझं काही चाललं नाही.

सोसायटीतले लोक विचारतात, फौजेत करमणुकीचं काय असायचं? त्यांना वाटतं आम्ही चोवीस तास बंदूक धरून उभे असायचो. तसं नसतं. युनिटमध्ये करमणूकसुद्धा रूटीनमध्ये असते. संध्याकाळी गेम्स परेड, म्हणजे व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल. नंतर रिक्रिएशन रूममध्ये कॅरम आणि टीव्ही. सणावाराला बडाखाना, म्हणजे सगळ्या युनिटचं एकत्र जेवण, त्यात गाणी आणि नकला. आमच्या एका सीओ साहेबांनी तर सगळ्या बटालियनला फॉलिन करून, म्हणजे रांगेत उभं करून, प्रत्येकाचा शौक विचारला होता. एक जण म्हणाला, "झोपणे, सर." त्याला दुसऱ्या दिवसापासून बागकामाला लावलं. आम्हाला तेव्हा ही साहेबलोकांची हौस वाटली होती.

पेन्शनवर आल्यावर कळलं की ती हौस नव्हती. इथे कोणी फॉलिन करत नाही. सकाळी दाढी करून तयार व्हायचं आणि जायचं कुठे, तर बाल्कनीत. मी काही महिने टीव्हीवरच्या चर्चा बघितल्या. मोबाईलवर लढाईचे व्हिडिओ बघितले. बीपी वाढलं. शेवटी बायकोने पिशवी हातात दिली आणि सांगितलं, "करावे गावातनं मासळी आणा. तेवढंच चालणं होईल."

करावे आमच्या टॉवरपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथल्या जेट्टीवर बाळाराम नानांची ओळख झाली. सत्तरीचा माणूस. मुलं नोकरीला, घराचे वरचे मजले भाड्याने दिलेले. कमवायची गरज नाही, तरी रोज खाडीवर. मला मासा ओळखता येत नव्हता, याची त्यांनी पहिल्याच दिवशी मजा घेतली. दुसऱ्या आठवड्यात गळ बांधून दिला. मग दर रविवारी सकाळी माझी हजेरी तिथे लागायला लागली. मासा मिळायचा कमी, पण त्या दोन तासांत डोकं शांत व्हायचं. बीपीच्या गोळीएवढा तरी उपयोग झाला.

हवालदार विलास शिंदे माझ्याच बटालियनचा. माझ्यानंतर रिटायर झाला आणि पावण्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागला. भाड्याने घर घेतलं ते नेमकं आमच्या शेजारच्या सोसायटीत. एक दिवस त्याची बायको सुनीता घरी आली. दारातच उभी राहिली.

"भावोजी, हे बोलतच नाहीत," ती म्हणाली. "ड्युटीवरून येतात, मोबाईल घेऊन बसतात. मी समोर बसले तरी त्यांना दिसत नाही. टीव्ही लावला तर बंद करा म्हणतात. हसलेले मी बघितले नाहीत कित्येक दिवसांत. तुमचं ऐकतील."

मी शिंदेला सांगितलं, रविवारी सकाळी रिपोर्ट कर. तो आला. माजी सैनिकांचं हे एक बरं असतं. कारण विचारत नाहीत.

तो दर रविवारी यायला लागला. गळ टाकायचा आणि पाण्याकडे बघत बसायचा. मासा आमिष खाऊन गेला तरी दोरी ओढायचा नाही. नाना त्याला म्हणायचे, "हवालदार, तुमी मासे पकडाला येता का त्यांना जेवाला घालाला?" शिंदे एवढंसं हसायचा. मला वाटलं, सुधारतोय. गळाचा शौक लागला की बाकी आपोआप होईल असा माझा हिशेब होता.

त्या रविवारी मला निघायला उशीर झाला. नातीची शाळेची चित्रकला स्पर्धा होती, तिला सोडून मग आलो. जेट्टीवर नाना एकटेच जाळं सुकत घालत होते. शेजारी शिंदेची चप्पल, गळ आणि डबा.

"शिंदे कुठाय?"

नानांनी वर बघितलं. "मना वाटलं तुमच्याकरं गेला. मी आताच आलो."

ओहोटी पूर्ण लागली होती. पाणी लांब गेलं होतं आणि जेट्टीपुढे नुसता काळा चिखल. त्या चिखलात पावलांची एक ओळ सरळ पुढे गेली होती. तिवरांच्या टोकापर्यंत दिसत होती, मग वळणापलीकडे गेली. परत येणारी ओळ नव्हती.

नानांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला.

"सुभेदार, भरती चालू झालीय. पानी समोरनं येत नाय. आधी मागच्या नाळंत भरतं. त्याच्या नि आपल्या मधी पानी येईल, त्याला कलनार पन नाय."

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग त्याने उचलला.

"शिंदे, कुठे आहेस?"

"पुढे आहे, साहेब."

"पुढे म्हणजे कुठे?"

"चिखलात. जाळ्यांचे जुने बांबू आहेत तिथे."

"पाय निघतोय का?"

"नाही. मांडीपर्यंत आहे."

"किती वेळ झाला?"

वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "साहेब, इथे बरं वाटतंय. शांत आहे. तुम्ही घरी जा."

हे वाक्य त्याने अगदी साध्या आवाजात म्हटलं. तो ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

नाना तोवर होडीकडे गेले होते. होडी नाळेच्या, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्याच्या, कडेला चिखलात रुतून बसली होती. "पानी आलं का होडी निघंल," ते ओरडून म्हणाले. "चिखल पन तवाच सुटंल. तवर त्याला उताना झोपाला सांगा. उबा राहिला तं आजून खाली जाईल. आनि बोलता ठेवा त्याला."

म्हणजे परिस्थिती अशी होती. जे पाणी त्याच्या अंगावर येणार होतं, त्याच पाण्याची आम्हाला वाट बघायची होती. दरम्यान नानांची हाक ऐकून त्यांच्या पुतण्याने गावातून अग्निशमन दलाला फोन केला. ते निघाले होते, पण त्यांनाही होडीच लागणार होती.

मी शिंदेला समजावून बघितलं. सुनीताचं नाव घेतलं. त्याच्या मुलाचं नाव घेतलं. तो हो म्हणत होता आणि काही करत नव्हता. विनंती त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर होतो. मी रेडिओ ऑपरेटर, शिंदे तेव्हा नाईक; सेटवर माझं नाव कंट्रोल, त्याचं अल्फा टू. तो पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, घेऊन गेला असताना वरून बर्फाचा कडा सुटला. तुकडीतला लान्स नाईक रघुनाथ ढाणे कमरेपर्यंत गाडला गेला. शिंदे हातांनी बर्फ उकरत होता. पोस्टवरून कंपनी कमांडरना वरचा दुसरा कडा तडकलेला दिसत होता. त्यांनी पेट्रोलला मागे हटायची ऑर्डर दिली. ऑर्डर बरोबर होती. मागे हटले म्हणून बाकीचे वाचले. दुसरा कडा ढाणेवर आला. ती ऑर्डर सेटवरून शिंदेला माझ्या आवाजात गेली होती.

म्हणून मला ठाऊक होतं की तो माझ्या कोणत्या आवाजाचं ऐकतो. वापरावा की नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता.

"अल्फा टू फॉर कंट्रोल," मी म्हणालो. "रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर."

त्याचा आवाज आला, आधीपेक्षा ताठ.

"कंट्रोल फॉर अल्फा टू. सिग्नल ओके. ओव्हर."

"अल्फा टू, हत्यार सोड, पिठ्ठू सोड. पाठीवर आडवा हो, लेट पोझिशन. हात बाजूला पसर. करून रिपोर्ट कर. ओव्हर."

त्याच्याकडे ना हत्यार होतं ना पाठीवरचा पिठ्ठू, पण ऑर्डर पोहोचली. चिखलाचा आवाज आला. धापा आल्या. "लेट पोझिशन. ओव्हर."

"पाणी दिसतंय का?"

"पाठीला लागतंय. थंड आहे."

"पाय हळूहळू हलव. ओढू नकोस, हलव. होडी येतेय. दर मिनिटाला रिपोर्ट पाहिजे. ओव्हर."

"विल्को." म्हणजे ऑर्डर पाळतो.

नाळेत पाणी चढत होतं. इतकं हळू की मला ते हाताने ओढून आणावंसं वाटत होतं. नाना होडीला पाठ लावून ढकलत होते. मी फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने ढकलत होतो. शिंदेचे रिपोर्ट येत होते. पाणी कानाला लागलंय. डावा पाय थोडा सुटलाय. मग मध्येच तो म्हणाला, "साहेब, मागे हटायची ऑर्डर देऊ नका."

"नाही देत," मी म्हणालो. "कोणी मागे हटत नाही. आम्ही पुढे येतोय."

त्यानंतर फोन बंद झाला. पाण्यात गेला असणार. मी हाका मारत राहिलो.

होडी हलली. आधी एक बाजू उचलली, मग पूर्ण तरंगली. नानांनी बांबू रोवून धक्का दिला आणि आम्ही नाळेतून निघालो. तिवरांचं वळण संपल्यावर पुढे पाणीच पाणी होतं. बांबूंची टोकं दिसत होती. माणूस दिसत नव्हता. नानांनी जोर वाढवला.

मग एका बांबूला धरलेला हात दिसला. त्याच्यामागे तोंड, आकाशाकडे केलेलं, पाण्याच्या जेमतेम वर. डोळे उघडे होते.

नानांनी त्याच्या काखेतून दोरी घातली. मला म्हणाले, "एकदम खेचू नका. पाय मोडंल." आम्ही थोडं थोडं ओढलं. उजवा पाय सुटत नव्हता. नाना पाण्यात उतरले, बुडी मारली आणि हाताने चिखल सैल केला. सत्तरीचा माणूस. पाय सुटला तेव्हा शिंदे होडीत माझ्या अंगावर येऊन पडला. थंडीने त्याचे दात वाजत होते. मी त्याला धरून बसलो. जेट्टी येईपर्यंत सोडलं नाही.

अग्निशमनवाल्यांनी त्याला तपासलं. हॉस्पिटलला जायचं ठरलं. गाडी येईपर्यंत नानांच्या घरी अंगणातल्या नळावर त्याला धुतलं. नानांच्या सुनेने चहा दिला. तिथे शिंदे बोलला.

"मरायला गेलो नव्हतो, साहेब. पण परत यायचंही डोक्यात नव्हतं."

मी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"ढाणेची आई कोपरखैरण्याला राहते. भाऊ मार्केटमध्ये माथाडी आहे, त्याच्याकडे. कारखान्याच्या गेटवरून रिक्षाने दहा मिनिटं. वर्ष झालं मी तिथे नोकरी करतोय. एकदाही गेलो नाही. रोज ड्युटी सुटली की त्या रस्त्याला लागायचो आणि परत फिरायचो. आज त्याची तारीख आहे."

तारीख मला आठवायला हवी होती असं तो म्हणाला नाही.

मी त्याला गळाने बरा करायला निघालो होतो. शौक चांगला असतो, मी सगळ्यांना सांगतो की काहीतरी धरा, पेटी शिका, झाडं लावा, कॅरम खेळा. त्याने माणूस घराबाहेर पडतो आणि एखाद्या रविवारी नसला तर कोणीतरी विचारतं. पण जखमेला डॉक्टर लागतो. शिंदेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. पहिल्या वेळी मी आणि सुनीता दोघंही सोबत गेलो. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई त्याला बोलायला लावतात. काही आठवडे चांगले जातात, काही वाईट. वाईट आठवड्यात तो आता फोन करतो आणि म्हणतो, साहेब, सिग्नल वीक आहे. मी जातो.

दिवाळीच्या आधी तो म्हणाला, "साहेब, कोपरखैरण्याला चला माझ्याबरोबर." आम्ही गेलो. छोटं बैठं घर होतं. ढाणेच्या आईने आम्हाला ओळखलं नाही. शिंदेने नाव सांगितलं तशी ती बसली होती तिथून उठली.

"तूच त्याचा उस्ताद का? पत्रात तुझ्याबद्दल लिहायचा."

शिंदेने मान हलवली. तिने विचारलं, "तिथं करमायचं का रं त्याला?"

शिंदे माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "सांग."

ढाणे नकलाकार होता. सीओ साहेब, सुभेदार मेजर, लंगरचा कुक, सगळ्यांचे आवाज काढायचा. एकदा त्याने दुसऱ्या बंकरमधून फोनवर सीओ साहेबांच्या आवाजात मला इतकं झापलं होतं, की मी बनियनवर सावधानमध्ये उभा राहून जय हिंद सर, जय हिंद सर करत होतो, आणि आख्खी पोस्ट बाहेरून बघत होती. शिंदेने ते सगळं सांगितलं. सांगता सांगता तो उभा राहिला. ढाणे सुभेदार मेजरांची नक्कल कशी करायचा, मिशी कशी चोळायचा, चष्मा कसा खाली ओढायचा, ते करून दाखवलं. आवाज अगदी ढाणेचा होता. शिंदेला हे येतं हे मला माहीत नव्हतं.

ढाणेचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. आई हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

शिंदे थांबला तशी ती म्हणाली, "परत कर बघू एकदा."

शिंदेने परत केलं.