पायी फिरता येणारं गाव

"तू त्या बाजूला जाणार आहेस का?"

काकूंचा फोन नेहमी याच वाक्याने सुरू व्हायचा. ती बाजू म्हणजे कधी इंडियन ग्रोसरी, कधी पोस्ट ऑफिस, कधी डेंटिस्ट. मला घेऊन जा, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. मी जाणारच असले तर त्या फक्त सोबत येणार, असा सगळा मामला. मीही दर वेळी, "हो काकू, तिकडेच निघाले होते," असं खोटं सांगायची.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं मोठं घर होतं. काका डॉक्टर, १९७०च्या सुमाराला दोघं अमेरिकेत आलेले. काका गेले आणि त्यांची गाडी गॅरेजमध्ये तशीच उभी राहिली, कारण काकूंना ड्राइव्ह करता येत नव्हतं. "हे शिकवायला बसले की आमचं भांडण व्हायचं. मग म्हटलं, त्यापेक्षा संसार टिकवू या," असं सांगून त्या हसायच्या. मिशिगनमध्ये गाडी चालवता न येणारं माणूस दिवसभर काय करतं, हे तुमच्यापैकी जे तिथे राहिलेत त्यांना माहीत असेल. ते खिडकीशी बसतं.

साडी, त्यावर काकांचा जाड पार्का कोट, पायात पांढरे स्नीकर्स. अशी एखादी काकू तुम्हीही दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करताना पाहिली असेल, आणि वाट देऊन पुढे गेला असाल. मीही पहिल्यांदा तशीच पुढे गेले होते.

२००४च्या फेब्रुवारीत, अंगणात गुडघाभर बर्फ असताना, फोन आला. "तू न्यू मेक्सिकोच्या बाजूला जाणार आहेस का?"

डेंटिस्टकडच्या एका मासिकात त्यांना वाळवंटातल्या एका लहानशा गावाची माहिती मिळाली होती. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. ते पान त्यांनी घरी आणलं होतं. "विचारून फाडलं हो," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर संगमेश्वराजवळचं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर त्या लहानपणी थंडीत पहाटे जायच्या. "चाळीस वर्षं झाली गं, गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसले नाहीये."

माझा प्रोजेक्ट नुकताच संपला होता, रजा शिल्लक होती आणि मलाही फिरायला सोबत कुणी नव्हतं. मी हो म्हटलं.

अल्बुकर्कीपर्यंत विमान आणि पुढे अडीच तास गाडी. एक मुख्य रस्ता, मागे उघडे डोंगर, आणि आमच्या मोटेलच्या मागे सिमेंटची बंदिस्त न्हाणीघरं. काकू गाऊन घालून पाण्यात उतरल्या. मी शेजारच्या न्हाणीघरात होते. मधली भिंत छतापर्यंत नव्हती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. बराच वेळ नुसतं पाणी हललं, मग काकू गुणगुणायला लागल्या. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांचं गाणं प्रथमच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर त्या खोलीत नव्हत्या. घाबरून बाहेर आले, तर समोरून चालत येत होत्या. हातात ब्रेड, संत्री आणि पोस्टाची तिकिटं.

"पोस्ट ऑफिस सात मिनिटांवर आहे," त्यांनी मला बातमी दिली. "बहिणीला पत्र टाकलं. दुकान त्याच्या अलीकडे. लायब्ररीसुद्धा आहे! माझी मी गेले, माझी मी आले."

त्या दिवशी त्या चार वेळा बाहेर जाऊन आल्या. चौथ्यांदा तर काहीच आणलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बॅगा गाडीत ठेवत होते. काकू मोटेलच्या वयस्क मालकिणीबरोबर अंगणात बसल्या होत्या.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी राहते. हिच्याकडे महिन्याने देतात ती खोली आहे, स्वयंपाकाचा ओटा आहे. मी सगळं विचारलंय."

"काकू, असं कसं? इथे आपलं कोण आहे?"

"तिथे कोण आहे गं?"

मला भीती वाटली. पंच्याहत्तरीची बाई, अनोळखी गाव. उद्या काही झालं तर लोक मलाच विचारतील. सोमवारी मला नव्या प्रोजेक्टवर हजर व्हायचं होतं. मी मोटेलच्या ऑफिसमध्ये गेले आणि तिथल्या फोनवरून त्यांच्या बॉस्टनच्या मुलीला फोन केला. "प्लीज, डोन्ट लीव्ह हर देअर," ती म्हणाली. मग तिने काकूंना फोनवर बोलावलं. काकू एवढंच बोलत होत्या: "हो... हो... बरं." फोन ठेवून त्या खोलीत गेल्या आणि बॅग भरून आल्या. वाटेत त्यांनी माझ्यासाठी संत्रं सोलून फोडी हातात दिल्या.

डेट्रॉइटच्या विमानतळावर मुलगी आली होती. तिने आईला मिठी मारली, डोळे पुसले. शेजारी तिने व्हीलचेअर मागवून ठेवली होती. आदल्या दिवशी मैलभर चाललेल्या काकूंनी त्या व्हीलचेअरकडे पाहिलं, साडी सावरली आणि त्या खुर्चीत बसल्या.

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. काकू मुलीकडे गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच वारल्या. त्याआधी आमचं एकदाच बोलणं झालं. त्यांनी माझी, माझ्या आईची चौकशी केली. शेवटी न राहवून मीच विचारलं, "काकू, माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं. तिला कळवलंस ते बरोबरच."

मग म्हणाल्या, "फक्त आधी मला सांगायचं होतंस. मी तिथेच अंगणात बसले होते."