साहेब जाऊन राहिले

अध्यक्षांच्या स्वीय सहायक मॅडम नसत्या तर मी आज नाशिकात नसते. हे आधी सांगते, बाकी नंतर.

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले. एका सहकारी संघात अध्यक्षांच्या केबिनबाहेर मी कंत्राटी शिपाई. तोंड उघडलं की लोक हसायचे, म्हणून मी बोलायचंच टाळायची. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अशी दारात उभी राहू नकोस. फोन घेत जा. जसं येतं तसं बोल."

त्यांची खुर्ची बाहेरून मोठी दिसायची. अध्यक्ष चिडले की त्यांच्यावर, संचालक चिडले तरी त्यांच्यावरच. त्यात विरोधी गटाचे पुढारी त्यांचे चुलत दीर. घरच्या कार्यात ते विचारायचे, "वहिनी, तुम्ही नक्की कुणाच्या?" ऑफिसात अध्यक्षही तेच विचारायचे, फक्त वहिनीच्या जागी मॅडम. घरी, गंगापूर रोडला, अर्धांगाने पडलेले वडील. मॅडम डबा उघडायच्या आधी त्यांना फोन करायच्या.

मग अध्यक्षांवर अविश्वास ठराव आला. अशा वेळी दोन्ही गट आपापले संचालक कुठेतरी लॉजवर नेऊन ठेवतात, फुटू नयेत म्हणून. कोण कुठे लपलंय, याशिवाय ऑफिसात दुसरा विषय नव्हता. एका सकाळी अध्यक्ष बायकोला घेऊन वणीच्या देवीच्या दर्शनाला निघाले. गाडी फाटकातून बाहेर पडत होती, तेवढ्यात मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला. मॅडम जागेवर नव्हत्या, मी उचलला. त्यांचे दीर होते.

"साहेब आहेत का?"

"नाही जी, साहेब वणीला जाऊन राहिले."

आमच्याकडे याचा अर्थ, जाताहेत, वाटेत आहेत. नाशिकात याचा अर्थ, गेले आणि तिथेच मुक्काम ठोकला.

संचालक वणीत ठेवलेत असं समजून दिरांची माणसं गाड्या भरून तिकडे धावली. अध्यक्ष प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन हॉटेलात चहा पीत होते. त्यांना घेरून घोषणा दिल्या, बायको घाबरून रडायला लागली. संचालक एकही सापडला नाही.

संध्याकाळी केबिनचं दार उघडंच होतं. "घरभेदी!" अध्यक्ष मॅडमना म्हणाले. "दिराला खबर तुम्हीच दिली."

"फोन माझ्या टेबलावरचा. जबाबदारी माझी," मॅडम एवढंच म्हणाल्या.

मी आत गेले. "साहेब, फोनवर मी बोलली जी." आणि काय बोलले तेही सांगितलं.

अध्यक्षांना पटेना. मॅडम म्हणाल्या, "हिला विचारा, हिची आई आत्ता काय करतेय."

"सैपाक करून राहिली असन," मी म्हटलं.

अध्यक्ष हसले. खरंच हसले. मला वाटलं, दोघी सुटलो. मग चष्मा पुसत म्हणाले, "मला पटलं हो. पण बाहेर आपली माणसं बसलीत, त्यांना हे व्याकरण कोण शिकवणार? त्यांना कुणीतरी गेलेलं दिसलं पाहिजे. हिला काढायचं पत्र तयार करा, नाहीतर तुम्ही बदली घेऊन संघाच्या पेठच्या केंद्रावर जा."

मॅडमनी पत्र तयार केलं नाही.

ठराव पुढे बारगळला. अध्यक्ष राहिले, मी राहिले. मॅडम आता रोज घाट चढून पेठला जातात, वडिलांजवळ दिवसा एक बाई ठेवलीय. मी सुटीच्या दिवशी जाऊन बसते. म्हातारबाबा अर्ध्या तोंडाने विचारतात, "काय करून राहिली?" आणि स्वतःच हसतात.

तेवढ्याने फिटत नाही, मला कळतं. नोकरी अजून कंत्राटीच आहे, फोन वाजला की आधी मनात वाक्य जुळवते, मगच उचलते. पण मॅडम, तुमच्यासाठी कुणापुढे बोलायची वेळ आली तर मी दारात उभी राहणार नाही. हे मी फेडूनच राहीन. या वेळी अर्थ तुमच्या नाशिकचाच घ्या.