हरवलेली काळी बकरी

रनाळ्याच्या वेशीवर माझी पिठाची गिरणी आहे. दिवस कलला की एक बाई समोरून झपाझप जाते. आपण काही विचारायच्या आत तीच विचारते, "भाऊ, मन्ही बकरी दिखनी का?" उत्तराला मात्र थांबत नाही. बकरी शोधणाऱ्याने काट्याकुट्यात डोकावावं. ही नाकासमोर बघत फाट्यापर्यंत जाते आणि घामाघूम होऊन खुशीत परत येते.

तिच्याकडे बकरी नाही, कधी नव्हतीच. दिवसभर ती मशीनवर वाकून लोकांचे ब्लाउज शिवते. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पण नुसतं चालायला निघालेल्या बाईला गाव सतरा प्रश्न विचारतं, आणि अठरावा घरी सासू विचारते. बकरी हरवली म्हटल्यावर कोण अडवणार?

एकदा मला तिची खोडी काढायची लहर आली. शेजाऱ्याची पांढरी बकरी दारात बांधून मी हाक मारली, "वहिनी, सापडनी तुमनी बकरी!"

तिने बकरीला शिंगांपासून खुरांपर्यंत न्याहाळलं. "हाई नही, भाऊ. मन्ही काळी शे." आणि त्याच वेगाने पुढे गेली.

परवा माझी बायको, गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय न उठणारी, चपला घालून तिच्या मागे निघाली. खाटेवरून आईने हटकलं, "हाई कोठे चालनी आते?"

"बकरी शोधाले, माय."

"कोनी बकरी?"

मी गिरणीत दाणे ओतत म्हणालो, "काळी शे."